माझी उजवी बाजू

मी जमिनीची मोजणी करतो. धुळ्याला माझं एक लहानसं ऑफिस आहे, आणि शिरपूर-साक्रीकडच्या शेतांच्या हद्दी, नवे लेआउट, पाटचाऱ्या अशी कामं असतात. या कामात एक जण यंत्रापाशी उभा राहतो आणि दुसरा समोर लांबवर आकडे असलेली उंच पट्टी धरून उभा असतो. दोघांची तोंडं एकमेकांकडे. यंत्रापाशी मी. मी हात उजवीकडे केला की समोरच्यानं माझ्या उजवीकडे सरकायचं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या डावीकडे. माझ्याकडे पट्टी धरणारे आबा सत्तरीकडे झुकलेत, आणि गेली वीस वर्षं आमच्यात यावरून एकदाही घोळ झालेला नाही. मी "उजवीकडे" म्हणतो, ते डावीकडे सरकतात. इतकं अंगात मुरलेलं होतं की त्यात काही विचित्र आहे हे मला कधी जाणवलंच नाही.

हे आधी सांगतोय, कारण पुढे जे झालं ते या सवयीमुळे झालं. आणि त्यानंतर जे झालं ते सवयीमुळे नाही, माझ्यामुळे झालं.

पॅराग्लायडिंग मी चाळिशीनंतर शिकलो. घाटातल्या एका डोंगरावर आठ-दहा दिवसांचा कोर्स केला, मग दर हिवाळ्यात जाऊ लागलो. आमचे सर हिवाळ्यात एक आठवडा कोकणात नेत. तिथे समुद्राला लागून उंच कडा आहे. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि त्या वर चढणाऱ्या वाऱ्यावर ग्लायडर तासन्‌तास कड्याच्या कडेनं इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहतं. मोटर नाही, आवाज नाही. खाली लाटा. आमच्याकडे हिवाळा सोडला तर आभाळाकडे बघायचं म्हणजे डोळे बारीक करून. तिथे मी पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडून वर बघितलं.

दाजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, भुसावळला रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर. मोजकं बोलणारे. ड्युटीहून आले की आंघोळ, जेवण, झोप. माझ्या मोबाईलवरचे उडतानाचे व्हिडिओ अक्का बघायची नाही, तिला धडकी भरायची. दाजी बघायचे. एका दिवाळीत ते मला गच्चीवर घेऊन गेले आणि म्हणाले, "मला येईल का रे हे?"

"का नाही येणार?"

"इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण एकदाही गाडी वळवली नाही. रूळ वळला की गाडी वळते. आपण फक्त वेग बघायचा." मग जरा थांबून म्हणाले, "एकदा स्वतः वळून बघावं वाटतं."

अक्का तयार नव्हती. मी तिला म्हणालो, मी आहे ना सोबत. हे वाक्य मी म्हणालो होतो, हे तिला आठवतं आणि मलाही.

दाजी चांगले विद्यार्थी निघाले. तरणी मुलं ज्या गोष्टी उरकायची त्या ते पुन्हा पुन्हा करायचे. प्रत्येक बकल लावलं की मोठ्यानं बोलायचे, "डावा पाय, लागला. उजवा पाय, लागला. छाती, लागली." मुलं हसायची. सर हसायचे नाहीत. रेडिओवर सर काही म्हणाले की दाजी तेच परत म्हणायचे, मगच करायचे. विद्यार्थ्यानं हवेत बोलायची गरज नसते, फक्त ऐकायचं असतं, असं सरांनी त्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "सर, आमच्याकडे सिग्नल दोघांनी मोठ्यानं म्हटल्याशिवाय तो दिसला असं धरत नाहीत."

कोकणातला आमचा चौथा दिवस. दुपारभर वारा छान होता आणि सगळे उडून झाले. संध्याकाळकडे वारा पडायला लागला. मी आधीच खाली पुळणीवर उतरलो होतो आणि ग्लायडर गोळा करत होतो. भरती सुरू झाली होती. पुळणीचा दक्षिणेकडचा भाग पाण्याखाली गेला होता, उत्तरेच्या टोकाला, जिथे मी होतो, तिथे अजून रुंद पट्टा होता. दाजी एकटेच हवेत होते. वारा पडला तसे ते खाली खाली येत कड्याच्या माथ्याच्याही खाली आले. सर वर, सड्यावर, म्हणजे कड्यामागच्या सपाट माळावर. त्यांना आता ते दिसेनात.

रेडिओवर सर म्हणाले, "खाली कोण आहे? मला दिसत नाहीयेत ते."

"मी आहे सर. मला दिसतायत."

"उत्तरेच्या टोकाला आण त्यांना. तिथे समुद्राकडे वळव आणि उतरव. जमेल?"

"जमेल सर."

आमच्यात नियम होता की हवेतल्याला रेडिओवर सूचना फक्त सर देणार. त्या दिवशी पहिल्यांदा तो मान मला मिळाला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

दाजी दक्षिणेकडून माझ्याकडे येत होते. म्हणजे त्यांचं तोंड उत्तरेला, कडा त्यांच्या उजव्या हाताला, समुद्र डाव्या हाताला. मी त्यांच्याकडे तोंड करून उभा. समुद्र माझ्या उजव्या हाताला. त्यांना समुद्राकडे वळवायचं होतं, वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे वेग कमी होतो आणि पाय अलगद टेकतात. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "दाजी, आता उजवीकडे वळा. उजवीकडे."

ते लगेच वळले नाहीत. मी पाहिलं, त्यांचा एक हात ब्रेकवरून, म्हणजे ग्लायडर वळवायच्या दोरीवरून, निघाला आणि छातीशी गेला. रेडिओ तिथेच बांधलेला असतो. मला वाटलं पट्टा सारखा करतायत. ते खाली येत होते, आता तीन मजले उंची असेल, आणि मी घाबरलो. बटण मी सोडलंच नाही. "उजवीकडे, दाजी, उजवीकडे वळा, आत्ता वळा," असं बोलतच राहिलो.

बटण दाबलेलं असताना आपल्याला समोरच्याचं ऐकू येत नाही. ही गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात.

दाजी उजवीकडे वळले.

वारा पाठीशी आला, ग्लायडर एकदम वेगानं कड्याकडे गेलं. कड्याच्या उताराला आपटल्याचा आवाज मला ऐकू आला नाही, लाटांचा आवाज होता. कापड चुरगळल्यासारखं झालं आणि ते खाली मोठ्या दगडांवर पडले.

मी धावलो. ते पाठीवर होते, शुद्धीवर होते. डोळे उघडे. म्हणाले, "पाय आहेत का रे?" मी म्हणालो, आहेत. ते म्हणाले, "मला जाणवत नाहीयेत."

रेडिओवर सर सांगत होते की हलवू नका, मी येतोय. पण सड्यावरून खाली यायची वाट लांबची होती आणि पाणी येत होतं. जवळच्या खडकांवर दोन बायका कालवं काढत होत्या, त्या धावत आल्या. त्यातली थोरली म्हणाली, "हलवायचं नाही म्हणतायत, पण पाणी थांबणार नाही. अर्ध्या तासात इथे कमरेएवढं होईल." आम्ही तिघांनी ग्लायडरच्या कापडाची घडी त्यांच्याखाली सरकवली आणि चारही कोपरे धरून, एक-एक पाऊल, त्यांना वर कोरड्यात नेलं. एकदा माझा पाय घसरला. तेव्हा त्यांनी जो आवाज काढला तो मी कोणाला सांगितलेला नाही. त्या घसरण्यानं किती बिघडलं हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी विचारलं होतं.

तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याच्या, तिथून मोठ्या शहरात. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मणके बसवले. पाय परत येतील की नाही हे कोणी सांगेना. अक्का भुसावळहून रेल्वेनं आली, बरोबर शेजारच्या क्वार्टरमधल्या एक वहिनी. आल्या आल्या तिनं मला विचारलं, "काय झालं?"

"वळताना चुकलं त्यांचं," मी म्हणालो. "कड्याकडे वळले."

"ते कसे चुकतील?" ती म्हणाली. आणि खुर्चीवर बसून राहिली.

दोन दिवसांनी सर तिथेच, आयसीयूबाहेरच्या बाकावर, फॉर्म घेऊन आले. अपघात झाला की पायलट आपसात असा एक कागद भरतात, म्हणजे दुसऱ्यांना त्यातून शिकता येतं. पुढे पाठवताना नावं काढतात. काय घडलं, कशामुळे घडलं. सरांनी मला विचारलं, "तू उजवीकडे म्हणालेलास, ते मी ऐकलं. मध्ये नुसती खरखर झाली. त्या वेळी त्यांचं तोंड कुठे होतं?"

अक्का चार हात लांब बसली होती. ऐकत होती की नाही माहीत नाही.

मी म्हणालो, "दक्षिणेला."

एवढंच. तोंड दक्षिणेला असेल तर उजवीकडे समुद्र येतो. म्हणजे मी बरोबर सांगितलं होतं आणि ते उलटे वळले. सरांनी लिहून घेतलं. कारण या रकान्यात लिहिलं, पायलटची चूक, नवखा पायलट ताणाखाली डाव्या-उजव्यात गोंधळला. मला वाचून दाखवलं आणि मी खाली सही केली. माझा सगळा धंदा दिशा लिहिण्याचा. कोर्टात माझे नकाशे जातात. त्या दिवशी मी एका खोट्या दिशेखाली सही केली आणि पेन सरांना परत दिलं.

तो कागद उडणाऱ्यांच्या ग्रुपवर गेला. लोकांनी हळहळ व्यक्त केली. कोणीतरी लिहिलं की गाडी चालवणाऱ्याला डावं-उजवं कळू नये याचं नवल वाटतं. मी ते वाचलं आणि फोन खिशात ठेवला.

दाजींना भुसावळला आणलं तेव्हा उन्हाळा लागला होता. डाव्या पायात थोडी जाणीव आली होती, उजवा तसाच होता. लघवीची नळी होती. दुसऱ्या मजल्यावरचं क्वार्टर सोडून तळमजल्यावरचं मिळालं. गाडी चालवायला ते आता कायमचे अपात्र ठरले होते, बरे झाले तर टेबलाचं काम मिळणार होतं. दर रविवारी मी धुळ्याहून जायचो आणि त्यांना गाडीत घालून जळगावला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांकडे न्यायचो. तिथे दोन समांतर दांड्या होत्या. त्या धरून दाजी उभे राहायचा प्रयत्न करायचे आणि घाम गळून फरशी ओली व्हायची. मी मागे हात पसरून उभा राहायचो.

अक्का मला फार मानायची त्या दिवसांत. "तू आहेस म्हणून," असं म्हणायची. कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत, जे मला आवडतं ते रविवारी करून ठेवायची. आणि दाजींना मात्र ती मधूनच बोलायची. रागानं नाही, थकून. "तुम्ही असे कसे वळलात हो? इतक्या वेळा शिकवलं होतं." दाजी घास चावत राहायचे. मी ताटात बघत राहायचो.

अशाच एका रविवारी, जळगावहून परत आल्यावर, मी त्यांना पलंगावर टेकवलं. कूलर चालू होता. अक्का मागे कपडे वाळत घालत होती. दाजी म्हणाले, "तो कागद मी वाचला. फोनवर कोणी पाठवला होता."

मी त्यांच्या पायाखाली उशी सरकवत राहिलो.

"इतके महिने मला वाटत होतं, मीच चुकीचं ऐकलं. डोक्याला मार होता, औषधं होती. म्हटलं, तू डावीकडे म्हणाला असशील." ते छताकडे बघत बोलत होते. "पण कागदावर तू उजवीकडेच म्हणालास असं आहे, आणि माझं तोंड दक्षिणेला. सूर्य माझ्या डाव्या गालावर होता. संध्याकाळचा सूर्य. मी उत्तरेलाच जात होतो."

"हो," मी म्हणालो.

"मग दक्षिण कोणी सांगितलं?"

"मी."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग त्यांनी विचारलं, "माझा आवाज आला होता तुला?"

"नाही. मी बटण दाबून धरलं होतं."

"मी विचारलं होतं. हात सोडून विचारलं. उजवीकडे म्हणजे कड्याकडे ना, असं." ते थांबले. "दोनदा."

मी रडायला लागलो. त्यांनी मला रडू दिलं, पण गप्प केलं नाही की हात पाठीवर ठेवला नाही. माझं झाल्यावर म्हणाले, "आमच्याकडे कोणी लाल सिग्नल ओलांडला तर चौकशी होते. शिक्षा होते ती वेगळी. पण नंतर तो सगळा प्रसंग ट्रेनिंगमध्ये वाचून दाखवतात. काय दिसत होतं, कोण काय बोललं, कोणाचं कोणी ऐकलं नाही. मी तसे शंभर ऐकलेत. त्यातल्या दोन-तीन प्रसंगांमुळे मी आजवर वाचलो असेन. तुझा कागद वाचून कोण काय शिकणार? डावं-उजवं पाठ करा, एवढंच. ते तर मला पाठ होतं."

"मी बदलून घेतो."

"घे. आणि माझंही लिही. शंका होती तरी वळलो, हे लिही. शंका असली की गाडी थांबवायची असते. तिथे थांबता येत नाही, पण सरळ जाता आलं असतं. सरळ गेलो असतो तर पाण्यात पडलो असतो, भिजलो असतो. मी म्हटलं, खालच्याला दिसत असेल काहीतरी जे मला दिसत नाही." मग डोळे मिटून म्हणाले, "तुझ्या बहिणीला तू सांग. मी सांगणार नाही."

मी मागच्या दारात गेलो. अक्का चादर पिळत होती. मी म्हणालो, थोडं बोलायचंय. माझ्या तोंडाकडे बघून तिनं चादर बादलीत ठेवली. आमच्या घरात लहानपणी अहिराणीच बोलायचे, पण लग्नानंतर ती माझ्याशी सहसा शहरी मराठीच बोलते. त्या दिवशी ती म्हणाली, "आते बठ्ठं सांग माले."

मी सगळं सांगितलं. पुळणीवर कोण कुठे उभं होतं ते बोटानं भिंतीवर दाखवलं, कारण तिला डावं-उजवं कळेना. हात छातीशी गेला ते सांगितलं. बाकावर बसून "दक्षिण" म्हणालो तेही.

तिनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "ते तुला विचारत होते."

"हो."

"आणि मी इतके महिने त्यांना बोलत होते. रोज. जेवण भरवताना बोलत होते. तू समोर बसून भाकरी खात होतास."

तिनं बादली उचलली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी सरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लिहून पाठव. तुझ्या शब्दांत." मी तीन पानं लिहिली आणि सोबत मोजणीचा काढतात तसा नकाशा काढला, उत्तरेचा बाण काढून. दाजींनी ती पानं दोनदा वाचली, एका जागी दुरुस्ती सांगितली आणि म्हणाले, आता पाठव. ती ग्रुपवर गेली तेव्हा लोकांनी जे लिहायचं ते लिहिलं. त्यातलं सगळंच मला लागू होतं. सरांनी नियम बदलला. आता रेडिओवर कोणी डावीकडे-उजवीकडे म्हणत नाही. समुद्राकडे म्हणतात किंवा कड्याकडे म्हणतात. आणि एक वाक्य बोललं की बटण सोडायचं, चार आकडे मोजायचे.

मीही कामावर आबांना आता "विहिरीकडे सरका", "बांधाकडे या" असं म्हणतो. सुरुवातीला आबा वैतागले. "साहेब, तुमचा उजवा मला पाठ आहे," म्हणाले. मी म्हणालो, असू द्या.

पुढच्या हिवाळ्यात सरांनी मला कोकणात बोलावलं, उडायला नाही, नव्या मुलांना सांगायला. मी गेलो. त्याच कड्यावर उभं राहून सांगितलं. एका तरुण मुलीनं विचारलं, "रेडिओची चूक कळली. पण तुम्ही खोटं का सांगितलं?" मी म्हणालो, माझी बहीण तिथे बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे तिच्यासाठी?" मी म्हणालो, नाही. माझ्यासाठी. तिनं वहीत काहीतरी लिहिलं.

दाजी आता काठीनं घरातल्या घरात चालतात. उजवा पाय ओढत. ऑफिसात टेबलावर बसतात, डबा घेऊन रिक्षानं जातात. नळी निघाली, पण पाठ रात्रंदिवस दुखते आणि ते सांगत नाहीत. मी अजून रविवारी जातो. अक्का माझं ताट वाढते, पाणी ठेवते, औषध आणायचं असेल तर चिठ्ठी देते. त्यापलीकडे बोलत नाही. भरीत करते, पण मी आल्यावर स्वतः जेवायला बसत नाही.

मागच्या महिन्यात एकदा दाजी आत झोपले होते आणि मी निघायच्या तयारीत चपला घालत होतो. अक्का दाराशी आली. म्हणाली, "तुले आजून वाटस का, परत उडावं आसं?"

नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, "वाटतं."

तिनं मान हलवली. रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्यासले बी वाटस. काल सोताच बोलनात माले." मग माझ्या हातात औषधाची चिठ्ठी दिली, आणि कोणतं संपलंय ते सांगून ती आत गेली.